ससाण्याला पंचिंग नसतं

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात सकाळी सव्वासहाला फोन वाजला, की माणूस दोनच शक्यता धरतो. एक तर गावाकडं कुणीतरी गेलं, नाहीतर लाइन बंद पडली. अलीकडं त्यात तिसरीची भर पडली आहे : कुठंतरी पक्षी दिसला. तिन्ही बातम्यांना आमच्याकडं पँट सारख्याच वेगानं चढवली जाते.

लाइन बंद पडणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. भोसरीच्या एखाद्या शेडमधून जाणारा बोटभर ब्रॅकेट वेळेवर पोचला नाही, तर चाकणला मोटारींची अख्खी रांग थांबते आणि मग फोनवर जी भाषा ऐकू येते ती घरात स्पीकरवर लावता येत नाही. त्यामुळं टेम्पो मिळाला नाही तर इथला माणूस पोत्यात ब्रॅकेट भरतो, पोतं मोटरसायकलवर टाकतो आणि निघतो. ही घाई एकदा अंगात मुरली की ती माल आणि पक्षी असा भेद करत नाही. सायबेरियातून निघालेला पाहुणा लोणावळ्यात येऊन बसलाय आणि आपण अजून दात घासतोय, हे त्याला सहनच होत नाही.

आमच्या ग्रुपमध्ये मेंटेनन्सचे एक काका आहेत, टूलरूममधला एक पोरगा आहे, स्टोअर्सवाला आहे, एक दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत आणि ॲडमिन म्हणून क्वालिटीतून रिटायर झालेले एक साहेब आहेत. त्यांना आम्ही साहेबच म्हणतो, कारण ते रिटायर झाले आहेत हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. एरवी या ग्रुपवर गुलाबावरचं दव, गरम पाण्याचे फायदे आणि कुणाच्या तरी हरवलेल्या पाकिटाचा फोटो येतो. पण त्या दिवशी आला तो मेसेज तारेसारखा होता : अमूर. लोणावळा. तीसच्या वर. आत्ता. खाली नकाशावरची टाचणी. बस.

अमूर म्हणजे अमूर ससाणा. आग्नेय सायबेरिया आणि उत्तर चीनकडं घरटी करायची, थंडी पडायला लागली की ईशान्य भारतात उतरायचं, तिथं उडत्या वाळव्या खाऊन अंगावर चरबी चढवायची आणि मग भारत ओलांडून, अरबी समुद्र ओलांडून थेट आफ्रिका गाठायची, असा याचा वार्षिक कार्यक्रम. वजन सरासरी दीडशे ग्रॅम, म्हणजे दोन वडापाव एका बाजूला ठेवले तर पारडं वडापावाकडं झुकेल. एवढा जीव नागालँडहून निघून सोमालियापर्यंतचं साडेपाच हजार किलोमीटरचं अंतर पाच-सहा दिवसांत कापतो, बहुतेक वेळा मध्ये न थांबता. सगळेच न थांबता जातात असं मात्र नाही. नोव्हेंबरअखेर आणि डिसेंबरात काहीजण सह्याद्रीच्या कडेला, लोणावळ्याच्या आसपास थोडा दम खातात. पुढं समुद्र आहे, तो पाण्याचा, त्यात ढाबा नाही. जे शहाणे असतात ते इथंच पोटभर खाऊन घेतात. मुंबईकडं जाणारा प्रत्येक मराठी माणूस शतकभर लोणावळ्यात हेच करत आला आहे.

मेसेज वाचून सगळ्यांना जायचं होतं, पण जायचं कसं? पक्षीनिरीक्षणाच्या पुस्तकांत दुर्बीण कुठली घ्यावी, कपडे कुठल्या रंगाचे घालावेत, हे सगळं असतं. रजा कशी काढावी हे नसतं. ही पुस्तकं बहुधा जनरल शिफ्ट नसलेल्या लोकांनी लिहिलेली असावीत. फर्स्ट शिफ्टवाला एव्हाना मशिनवर उभा असतो, त्याचा विषय संपला. जनरलवाल्याला नऊच्या आत पंच मारायचं असतं. सेकंड शिफ्टवाल्याला वेळ असतो, पण त्याला तो पोरांच्या शाळेत आणि गिरणीत द्यावा लागतो. खरा भाग्यवान नाइटवाला. तो गेटमधून बाहेर पडतो तोच उजाडताना, अंगावर युनिफॉर्म, पायात सेफ्टी शूज, डोक्यात झोप. टूलरूमचा पोरगा त्या दिवशी तसाच आला होता. सेफ्टी शूजवर जगातला कुठलाही कडा चढता येतो, हे मी प्रत्यक्ष पाहिलं आहे. फक्त डोळे मिटू नयेत याची हमी ते शूज देत नाहीत.

बाकीच्यांनी कारणं शोधली. सासऱ्यांना ॲडमिट करणं आता कुणी करत नाही, कारण एचआरमध्ये प्रत्येकाच्या सासऱ्यांची फाइल तयार आहे. स्टोअर्सवाल्यानं 'वेंडर व्हिजिट' टाकली. ठिकाण : लोणावळा. त्याच्या मॅनेजरनं उलट विचारलं, की लोणावळ्यात चिक्की सोडून आपला वेंडर कोण? यावर त्यानं जे उत्तर दिलं ते मला पुढं कधीच कळलं नाही, पण तो आला आणि येताना मॅनेजरलाही घेऊन आला.

मग रस्ता. चाकणहून लोणावळ्याला जायचं म्हणजे म्हाळुंगे, खालुंब्रे, इंदोरी करत तळेगाव गाठायचं आणि जुन्या मुंबई हायवेला लागायचं. सकाळच्या वेळी या रस्त्यावर कंटेनर, कंपनीच्या बसगाड्या, पाण्याचे टँकर आणि उलट्या बाजूनं येणारा एक ट्रॅक्टर हे सगळे हक्कानं असतात. उपग्रहाच्या हिशेबानं अमूर ससाणा ताशी चाळीसेक किलोमीटर सरासरी राखून समुद्र पार करतो. चाकण-तळेगाव रस्त्यावर ताशी चाळीस हा आकडा काढला, तर ड्रायव्हर तुमच्याकडं वळून बघतो. मेंटेनन्सचे काका खालुंब्र्याला गाडीत बसल्या बसल्या म्हणाले, "तो मंगोलियावरून आला असता आत्तापर्यंत." कुणी हसलं नाही. हिशोब फारसा चुकीचा नव्हता.

आमच्या भागात पक्ष्यांना तोटा आहे, अशातला भाग नाही. पिंपरीच्या टाटा मोटर्सच्या कारखान्यात सुमंत सरोवर आहे, सुमंत मुळगावकरांच्या नावाचं. कारखाना उभा करताना त्यांनी झाडांचा आणि पाण्याचा जो हट्ट धरला, त्यावर आज हिवाळी पाहुणे गेटपास न काढता उतरतात. पवनेच्या काठाला थेरगावपासून दापोडीपर्यंत कुठंही उभं राहा, शेकाट्या दिसेल. लाल लांब पाय, काळे पंख, अंगावर पांढराशुभ्र सदरा, आणि उभा कशात, तर ज्या पाण्याकडं बघून आपण रिक्षाची काच नसल्याचं दुःख करतो त्यात. इंद्रायणीला आळंदीत फेस येतो तेव्हा वारकरी हळहळतात आणि बगळे त्या फेसातून अशा काही ऐटीत चालतात, की सिनेमातलं हिमालयाचं गाणं वाटावं. पण शेकाट्यासाठी कुणी सीएल टाकत नाही. तो रोज दिसतो, हा त्याचा मोठा दुर्गुण आहे. नात्यात जसा जवळच राहणारा भाऊ कुणाच्या खिजगणतीत नसतो आणि अमेरिकेतला आला की घरात पुरणाचा घाट घातला जातो, त्यातलाच प्रकार.

एका कंपनीनं मध्यंतरी पक्षी सप्ताह साजरा केला. पाच ते बारा नोव्हेंबर. पाचला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, बाराला सलीम अलींचा, म्हणून २०२० पासून महाराष्ट्रात हा आठवडा सरकारी आहे. सेफ्टी वीकची शपथ तयारच होती, त्यात 'अपघात' च्या जागी 'पक्षी' घालून घेतला. "मी पक्षी टाळीन" असं एक वाक्य त्यात राहून गेलं आणि सहाशे लोकांनी ते उजवा हात पुढं करून मोठ्यानं म्हटलं. गेटवर बॅनर लागला. त्यावर 'आपले स्थानिक पक्षी जपा' आणि खाली केशरी चोचीचा एक भलाथोरला टूकन. दक्षिण अमेरिकेतला. डिसेंबर उजाडला तरी तो बॅनर सायकलस्टँडवर ताडपत्री म्हणून होता आणि त्याच्या खाली चिमण्यांनी घरटं केलेलं होतं.

असो. लोणावळ्याच्या वरच्या अंगाला, दरीच्या बाजूच्या उघड्या माळावर आम्ही पोचलो तेव्हा तिथं पुणे, मुंबई आणि ठाणे असे तिन्ही जिल्हे अगोदरच तिपाया लावून उभे होते. पक्षीनिरीक्षकांत दोन जाती असतात. दुर्बीणवाले आणि लेन्सवाले. दुर्बीणवाला पक्षी दिसला की समाधान पावतो. लेन्सवाल्याचा पक्षी दिसण्याशी संबंध नसतो, त्याला तो फोकसमध्ये हवा असतो. सहाशेची लेन्स, तिच्यावर पानाफुलांचं कापड, अंगात पानाफुलांचाच शर्ट, आणि हे सगळं घालून तो उभा असतो ते पांढऱ्या एसयूव्हीच्या टपातून डोकं बाहेर काढून. ससाण्याच्या नजरेबद्दल जे ऐकलं आहे ते खरं असेल तर त्याला हा माणूस घाटाच्या पलीकडून दिसत असणार.

या तोफा पाहून रस्त्यावरच्या पर्यटकांनी गाड्या थांबवायला सुरुवात केली. लोणावळ्यात चार कॅमेरे एकत्र दिसले की शूटिंग असतं, हा लोकांचा अनुभव आहे.

"दादा, कोण आलंय?" एका गृहस्थांनी गाडीची काच खाली करून विचारलं.

"अमूर," टूलरूमचा पोरगा अर्धवट झोपेत म्हणाला.

"आमिर? आमिर आलाय?" मागच्या सीटवरून कुणीतरी किंचाळलं.

पुढच्या दहा मिनिटांत त्या माळावर जेवढी माणसं जमली तेवढी साऱ्या पक्षी सप्ताहात जमली नसतील. एक कणीसवाल्या मावशी शेगडी डोक्यावर घेऊन धावत आल्या. दोन मुलींनी लिपस्टिक नीट केली. डॉक्टरीणबाईंनी मोठ्या धीरानं सगळ्यांना समजावून सांगितलं, की आमिर नव्हे, अमूर, हा पक्षी आहे, तो रशियातून येतो आणि आफ्रिकेला जातो. एक आजोबा सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, "मग बरोबर. दोन देश फिरणारा माणूस लोणावळ्यात थांबणारच."

इकडं आकाशात काहीच नव्हतं. तीसच्या वर म्हणून मेसेज होता आणि वर नुसतं निळं. मग सुरू झाला तो प्रकार, जो प्रत्येक दुर्मीळ पक्ष्याच्या बाबतीत होतो. समोर जे उडेल ते तोच. आधी एक कापशी घार एका जागी पंख फडफडवत लटकली, तेव्हा ठाण्याच्या गटानं टाळ्या वाजवल्या. मग खरुची आली. खरुची म्हणजे केस्ट्रल, हीसुद्धा हवेत एका जागी थांबते, लहान असते, ससाणाच असते. तिच्यावर तर दोघांनी आपापसांत 'लायफर'चे, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा दिसलेल्या पक्ष्याचे, पेढे ठरवून टाकले. साहेबांनी दुर्बीण न काढता, नुसत्या डोळ्यांनी पाहून दोन्ही माल रिजेक्ट केले. "अमूरच्या नराचे पंख खालून बघा. पुढचा भाग पांढरा पाहिजे, अंग पाटीच्या रंगाचं पाहिजे, मांड्या विटकरी आणि पाय लाल पाहिजेत. यातलं एक जरी कमी असेल तर लॉट परत." त्यांचा सूर असा होता, की खरुची खाली येऊन सही करून जाईल असं वाटलं.

आणि मग ते दरीतून वर आले. एकदम. पहिला कुणी पाहिला यावर अजून वाद आहे. गरम झालेली हवा दरीच्या कडेनं वर चढते, तिच्यावर पंख टेकून एकेक ससाणा वर येत होता, माळावर एक फेरी मारत होता आणि चतुर पकडत होता. पकडायचा पायानं. मग उडता उडताच पाय चोचीशी न्यायचा, मान खाली घालायची, दोन-तीन हिसके, आणि चतुराचे पंख बाजूला टाकून द्यायचे. ते काचेसारखे पारदर्शक पंख गोल गोल फिरत खाली येत होते. त्यातला एक नेमका एका लेन्सवाल्याच्या काचेवर चिकटला आणि तो "धूळ आली, धूळ आली" म्हणून ब्रश शोधू लागला. डोक्यावर वीस फुटांवर नर होता. पांढऱ्या पंखांचा, विटकरी मांड्यांचा, साहेबांच्या ड्रॉइंगप्रमाणे तंतोतंत. गृहस्थ लेन्स पुसत होते.

या चतुरांतले काही स्वतःच समुद्र ओलांडून आफ्रिकेकडं जाणारे असतात आणि ससाणे वाटेत त्यांच्यावर गुजराण करत असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे प्रवासाला निघताना डबा घ्यायचा नाही, डबाच बरोबर उडत येतो. मेंटेनन्सच्या काकांना ही व्यवस्था फार आवडली. कॅन्टीन कमिटीवर ते बरीच वर्षं आहेत.

हेच पक्षी २०१२ मध्ये नागालँडात दोयांग जलाशयापाशी जाळी लावून रोज हजारोंनी मारले जात होते. बातमी आणि चित्रफीत बाहेर आली, गावं, चर्च, वनखातं सगळे कामाला लागले आणि २०१३ च्या मोसमात तिथली शिकार जवळपास बंद झाली. त्याच वर्षी तीन ससाण्यांच्या पाठीवर पाच-पाच ग्रॅमचे उपग्रह-टॅग बसवले. नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. पांगती हे ज्या गावात जाळी लागत त्या गावाचं नाव. आमच्या माळावर ही गोष्ट डॉक्टरीणबाईंनी सांगितली तेव्हा दोन मिनिटं कुणी लेन्सचं शटर दाबलं नाही. आमिरसाठी आलेले आजोबासुद्धा मान वर करून बघत राहिले.

अकराच्या सुमारास हवा तापली, ससाणे उंच गेले, ठिपके झाले. जुन्या हायवेवर चहा आणि कांदाभजी घेताना साहेबांनी, कुणी विचारलेलं नसताना, आपली लाडकी केस काढली.

"पार्ट नंबर रानपिंगळा," ते म्हणाले. "१८७३ मध्ये नाव दिलं ह्यूमनं. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. तेच, पुढं काँग्रेस काढणारे. घुबडाला नाव देऊन माणूस राजकारणात गेला. मग खानदेशात जेम्स डेव्हिडसन नावाचा आयसीएस अधिकारी होता, त्यानं काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर पक्षी गायब. आता इथं इनवर्ड इन्स्पेक्शन बघा. कर्नल मायनर्ट्झहागेन नावाचा एक मोठा माणूस येतो आणि सांगतो, मला १९१४ मध्ये तापीकाठी मांडवीला मिळाला. मोठा माणूस, रुबाबदार लेबल. कोण तपासणार? सगळे मांडवीच्या बाजूला शोधत बसले. सलीम अलींनी शोधलं, डिलन रिप्लींनी शोधलं. नाही म्हणजे नाही."

"मग?" स्टोअर्सवाल्याच्या मॅनेजरनं विचारलं. तो आता पूर्णपणे फितूर झालेला होता.

"मग पामेला रासमुसेन नावाच्या बाईंनी तो नमुना उघडून बघितला. आतून काम डेव्हिडसनचं. भरणी बदललेली, लेबल नवं. कर्नलनं ब्रिटिश म्युझियममधला डेव्हिडसनचाच पीस उचलला, रीवर्क केला आणि स्वतःच्या नावानं डिस्पॅच केला! कागदावर ओके, आणि ऐंशी वर्षं सगळी दुनिया चुकीच्या गोडाउनमध्ये माल शोधतेय." साहेबांचा आवाज चढला होता. आयुष्यात त्यांनी बरीच लेबलं पाहिली होती. "बाईंनी काय केलं? कर्नलचा रिपोर्ट बाजूला टाकला आणि जुन्या खऱ्या लेबलांवरचा पत्ता धरून आपल्या नंदुरबारकडं, शहाद्याला आल्या. बरोबर बेन किंग आणि डेव्हिड ॲबट. २५ नोव्हेंबर १९९७. सकाळची वेळ. आणि पिंगळा कुठं सापडला? गुहेत? रात्री? नाही. भर उजेडात, उघड्या झाडावर, समोर बसलेला. दिवसाच वावरतो तो! एकशे तेरा वर्षं ज्याची रजा मांडली, तो रोज ड्यूटीवर हजर होता. मस्टरच चुकीच्या डिपार्टमेंटला होतं."

टूलरूमचा पोरगा भज्यांच्या ताटलीवर मान टाकून झोपला होता. बाकी सगळे गप्प होते, कारण प्रत्येकाला आपल्या कंपनीतला कुठला ना कुठला कर्नल आठवत होता. मॅनेजर तर फारच गप्प झाला.

एवढ्यात डॉक्टरीणबाईंनी पक्ष्यांच्या नोंदी करायचं ई-बर्ड उघडलं. यादी भरायची, तर संख्या हवी. किती होते? इथून जे सुरू झालं ते इन्व्हेंटरीच्या महिनाअखेरीला शोभेल असं होतं. काका म्हणाले साठ. साहेब म्हणाले, ज्यांचे पंख खालून पाहिले तेवढेच धरायचे, म्हणजे छत्तीस. ठाण्याच्या लोकांनी आपल्या यादीत शंभर टाकले होते, पण त्यात दोन खरुच्या आणि ती कापशी घार सामील होती हे सगळ्यांना माहीत होतं. शेवटी स्टोअर्सवाल्यानं खिशातून पेन काढलं, भज्यांच्या कागदाची कोरडी बाजू शोधली आणि सगळ्यांचे फोटो वेळेप्रमाणे लावून, नर वेगळे, माद्या वेगळ्या, एकच पक्षी दोनदा आलेला असेल तर तो वजा, असा अर्धा तास हिशेब केला.

"बघा," तो म्हणाला, "मेसेजप्रमाणे ओपनिंग स्टॉक तीसच्या वर. दरीतून आवक धरून सिस्टिमला बेचाळीस. फिजिकल सदतीस. फरक पाच."

"आणि फरकाचं कारण?" मॅनेजरनं सवयीनं विचारलं.

"माल उडाला," स्टोअर्सवाला म्हणाला, आणि नोकरीतल्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याचं हे कारण मॅनेजरनं मंजूर केलं.